हलव्याच्या दागिन्यांचे दाणे गळतात, चिकट होतात: कारण कसे शोधावे आणि काय करावे

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार अशी असते. रात्री दागिना पुरा झाला तेव्हा तो घट्ट होता, आणि सकाळी डबा उघडला तर तळाशी दहा-पंधरा दाणे सुटून पडलेले दिसले. दुसऱ्या प्रकारात दाणे जागेवरच असतात, पण त्यांचे काटे बुजलेले असतात, बोट लावले की ते चिकटते आणि शुभ्र हलवा ओल्या मिठासारखा करडा दिसू लागतो. तिसऱ्या प्रकारात घरात ठेवलेल्या दागिन्याला काहीच होत नाही. मात्र तो अंगावर चढवला, नवी सून ओवाळून घेण्यासाठी पाटावर बसली आणि उठली, की कंबरपट्ट्याचा किंवा बाजूबंदाचा एक पट्टाच्या पट्टा सुटून येतो. दोऱ्यात गुंफलेल्या हारातून एकेक दाणा निसटणे, पुठ्ठा होडीसारखा वाकणे आणि रंगीत दाण्यांचा रंग शेजारच्या पांढऱ्या दाण्यांत उतरणे या तक्रारी त्या मानाने कमी येतात.

गेली बावीस वर्षे आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारी मी हे दागिने करत आले आहे. त्याहून जास्त वेळा मी दुसऱ्यांनी घरी केलेले दागिने दुरुस्त केले आहेत. साखर, तीळ, साबुदाणा, खसखस, जुन्या लग्नपत्रिका, सुती दोरा, साडीच्या काठाची जर आणि फुटक्या जोडीतल्या बांगड्या एवढ्या घरातल्या वस्तूंतून नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचे बोरन्हाण सजते. ते सजवताना आठवडाभर खपलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत दाणे गळू लागले, की तिला किती वाईट वाटते हे मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून माझी तपासणीची पद्धत येथे क्रमाने लिहिते. फुकटात होणारी तपासणी आधी आहे, आणि कष्टाची व खर्चाची शेवटी आहे.

आधी एक गोष्ट थांबवावी

दाणा गळला की हात आपोआप डिंकाच्या बाटलीकडे जातो, आणि मूळ चूक तेथेच दुपटीने वाढते. हलवा म्हणजे साखर. पाणी हा तिचा एकमेव शत्रू, आणि दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या डिंकात पाणी भरपूर असते. ओलीमुळे सुटलेल्या दाण्याला आणखी ओला डिंक लावला, तर तो दाणा संध्याकाळपर्यंत धरतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन दाण्यांना घेऊन खाली येतो. म्हणून कारण कळेपर्यंत डिंक बाजूला ठेवावा.

त्याऐवजी गळलेला एक दाणा तळहातावर घेऊन उलटा करावा आणि उजेडात त्याची पाठ नीट पाहावी. त्या पाठीवर चारपैकी एक खूण हमखास सापडते. पाठीला डिंकाचा पारदर्शक, काचेसारखा पापुद्रा चिकटून आला असेल, तर डिंकाने दाण्याला धरले होते, पण खालच्या चकचकीत कागदाला धरले नव्हते. पाठीला सोनेरी कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा पातळ पदर सोलून आला असेल, तर डिंक चांगला होता आणि खालचा कागद कमजोर होता. डिंक पुठ्ठ्यावरच राहिला असेल, त्यात दाण्याच्या आकाराचा खळगा दिसत असेल आणि दाण्याची पाठ पिठूळ किंवा ओलसर असेल, तर साखर विरघळली आहे. आणि दाण्याच्या पाठीवर डिंकाचे फक्त तीन-चार ठिपके असतील, तर दाणा काट्यांच्या टोकांवर उभा होता, त्याला बैठकच मिळाली नव्हती. ही खूण लक्षात ठेवून पुढच्या तपासण्या वाचाव्यात, म्हणजे सगळ्या करत बसावे लागणार नाही.

दागिना ठेवला कुठे होता

ही तपासणी फुकट आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या येथेच संपतात. शुद्ध साखर कोरड्या हवेत महिनोन्महिने जशीच्या तशी राहते, पण हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की ती हवेतले पाणी ओढून घेऊ लागते. आपल्याकडे जानेवारीत दुपार कोरडी असली तरी पहाटे दव पडते, आणि कोकणात व समुद्रकाठच्या गावांत रात्रीची हवा दमटच असते. खिडकीजवळच्या फळीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या कपाटात किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेला दागिना रात्रभरात चिकट होतो. त्यातून हळदीकुंकवाच्या दिवशी घरात मसालेभात शिजत असतो, कुकरची वाफ भरलेली असते, आणि दागिन्यांचे ताट नेमके त्याच ओट्यावर काढून ठेवलेले असते.

फ्रिज हे सर्वांत वाईट ठिकाण आहे. फ्रिजमध्ये असेपर्यंत दागिना ठीक दिसतो, पण थंड दागिना बाहेरच्या हवेत आला की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा पाझर फुटतो तसे पाण्याचे बारीक थेंब प्रत्येक दाण्यावर बसतात, आणि दहा मिनिटांत काटे बुजतात. दागिना आधीच फ्रिजमध्ये ठेवला गेला असेल, तर डबा न उघडता तसाच बाहेर काढावा, चार-पाच तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच झाकण काढावे.

जागेचा दोष आहे की हलव्याचा, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. उरलेल्या हलव्यातले पाच दाणे उघड्या वाटीत आणि पाच दाणे घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून रात्रभर शेजारी ठेवावेत. सकाळी वाटीतले चिकट आणि डबीतले कोरडे असतील, तर दोष हवेचा आहे. दागिने हवाबंद डब्यात ठेवले की काम भागते. डब्यात नव्या बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. त्या नसल्यास मूठभर तांदूळ कोरडे भाजून, पूर्ण गार करून, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत. पुड्या असोत की पुरचुंडी, कार्यक्रमाच्या वेळी ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी काढून ठेवावी. वाटीतले आणि डबीतले असे दहाही दाणे चिकट निघाले, तर मात्र पुढच्या तपासणीकडे वळावे.

मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवण्याची रीत काही घरांत आहे. झाकण सैल असेल तर त्याच पाण्याची ओल आत जाते. झाकण घट्ट असेल तर मुंग्यांसाठी परातीची गरजच उरत नाही.

दागिने किती दिवस टिकायला हवेत याचा हिशेबही आधीच करावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाण चालते, आणि हा काळ दरवर्षी सारखा नसतो. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आली, म्हणजे दागिन्यांना तीन आठवडे तग धरायचा होता. २०२६ साली ती २५ जानेवारीलाच आली. एकच संच सुनेला आणि पुढे पुतण्याच्या बोरन्हाणाला वापरायचा असेल, तर मधल्या दिवसांत तो डब्याबाहेर राहता कामा नये.

हलवा हाताला काय सांगतो

दाणे कोरड्या मुठीत मिनिटभर धरून सोडावेत. कोरडा, चांगला हलवा तळहातावरून खडखडत ओघळतो. सदोष हलवा मुठीच्या उबेनेच एकमेकांना चिकटतो. असा हलवा कितीही उत्तम डिंकाने लावला तरी राहत नाही, कारण त्याची बाहेरची पापडीच पक्की नसते.

याचे एक कारण साधे असते. हलवा नुकताच झालेला असतो आणि आतपर्यंत वाळलेला नसतो. त्याला उपायही साधा आहे. कोऱ्या कागदावर हलवा एकेरी पसरावा, वर मलमलचे फडके टाकावे आणि सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढ्याच वेळात दोन-तीन दिवस ऊन दाखवावे. सूर्य कलण्याआधी तो आत आणावा, नाहीतर दिवसभर उन्हाने काढलेली ओल संध्याकाळची हवा परत देते. रंगीत हलवा उन्हात फिकटतो, म्हणून तो सावलीत पंख्याखाली वाळवावा.

दुसरे कारण पाकात दडलेले असते आणि ते वाळवून जात नाही. पाक करताना मळी काढण्यासाठी चमचाभर दूध घालतात, ते योग्यच आहे. पण गुलाबजामच्या पाकाच्या सवयीने काही जणी लिंबूही पिळतात. आंबट आणि उष्णता एकत्र आली की साखरेचा काही भाग फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. पाक आटून त्यात साखरेचे खडे होऊ नयेत म्हणून गुलाबजामला ते हवेच असते. हलव्याला मात्र नेमकी साखर खडेदार व्हायला हवी असते, कारण काटा म्हणजे साखरेचा खडाच. त्यातून फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा पुष्कळ कमी दमट हवेतही पाणी ओढते. म्हणून लिंबाच्या पाकाच्या हलव्याला काटे बोथट येतात आणि तो कोरड्या दुपारीही बोटाला लागतो. असा हलवा खायला चांगला असतो. तो तिळगुळाच्या डब्यात घालावा, पण दागिन्याला वापरू नये.

हलवा विकत आणला असेल, तर पिशवीच्या तळाशी साखरेचा भुगा किती आहे ते पाहावे. भुगा फार असेल तर दाण्यांवरची पापडी ठिसूळ आहे, आणि ती डिंकाला चिकटून राहील पण दाणा तिच्यातून सुटेल.

डिंक किती लावला आणि किती वेळ दिला

दाण्याच्या पाठीवर ओलसर खळग्याची किंवा ठिपक्यांची खूण सापडली असेल, तर कारण येथे आहे. पांढरा डिंक वाळतो म्हणजे त्यातले पाणी निघून जाते, आणि ते निघाले की नाही हे तो स्वतःच दाखवतो. ओला असताना तो दुधासारखा पांढरा असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. दाण्याच्या कडेने भिंग धरून पाहिले आणि पांढरी कड दिसली, तर तो भाग अजून ओला आहे आणि डब्यात बंद करण्याच्या लायक नाही. पुष्कळ जणी डिंक लावून तासाभरात दागिना डब्यात भरतात. मग सुटलेले पाणी डब्यातच कोंडते आणि साखर ते पिऊन घेते.

मी करते ती रीत सांगते. आधी हात साबणाने धुऊन कोरडे पुसावेत. तिळाचे लाडू वळलेल्या हाताने दाणे उचलले की तेलाचा पातळ थर बसतो आणि त्यावर डिंक धरत नाही. मग पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद भागावरच काडीने डिंकाचा पातळ थर द्यावा आणि थांबावे. वरची चकाकी कमी झाली आणि बोट टेकवून उचलल्यावर बारीक तार सुटू लागली, की तेव्हा दाणा बसवावा. खोलीच्या हवेप्रमाणे याला पाच ते दहा मिनिटे लागतात. एवढ्या वेळात बरेच पाणी उडून गेलेले असते आणि साखरेला त्रास होत नाही.

दाणा बसवण्याआधी त्याला बैठक करून द्यावी. चांगला काटेरी दाणा कुठेही ठेवला तरी तीन-चार टोकांवरच उभा राहतो, म्हणजे मोहरीएवढाही भाग डिंकाला टेकत नाही. दाणा चिमटीत धरून बारीक पॉलिश पेपरवर एकदाच हलक्या हाताने ओढावा. एका बाजूचे काटे झिजून सपाट पाठ तयार होते, आणि समोरचे काटे तसेच राहतात. नंतर कोरड्या ब्रशने भुगा झटकावा. तन्मणीच्या पदकासारख्या लहान कामाला याने तासभर जास्त जातो, पण त्या पदकातला दाणा नंतर नखाने उचकटावा लागतो. मोठे साबुदाण्याचे दाणे आज बसवावेत, रात्रभर पंख्याखाली ठेवावेत आणि मधल्या फटी तिळाच्या व खसखशीच्या हलव्याने दुसऱ्या दिवशी भराव्यात. दोन्ही एकाच बैठकीत केले की मधले डिंकाचे पाणी कोंडून राहते.

मैद्याची खळ वापरू नये. तिच्यात डिंकापेक्षाही पाणी जास्त असते, ती वाळायला फार वेळ घेते आणि तिला बुरशी लागते. ग्लू गनच्या गरम डिंकात पाणी नसते, म्हणून तो मोहक वाटतो, आणि हूक, फीत, पिन असले जोड त्यानेच करावेत. पण दाण्यांसाठी तो मला पटलेला नाही. दाणा टेकेपर्यंत तो गोठतो आणि नंतर टोपीसारखा अखंड निघून येतो.

पुठ्ठा, कागद आणि वाकणारे भाग

काचेसारखा पापुद्रा दाण्याबरोबर आला असेल, तर दोष खालच्या सोनेरी कागदाचा आहे. चकचकीत कागदावर प्लास्टिकचा थर असतो, त्यातून पाणी खाली मुरत नाही. डिंकातले पाणी मग एकाच दिशेने जाऊ शकते, ते म्हणजे वर, साखरेत. दाणा तिकडून भिजतो आणि डिंक इकडून सुटतो. दोन्ही बाजूंनी नुकसान होते. पुठ्ठ्यावर जुन्या सुती साडीचे किंवा अस्तराचे कापड चिकटवून, ते पूर्ण वाळल्यावर त्यावर दाणे बसवले, तर कापडाच्या विणीत डिंक शिरतो आणि पाणी खाली जायला वाट मिळते. सोनेरी कड हवीच असेल, तर ती दाणे वाळल्यानंतर बाहेरून जरीच्या फितीने द्यावी.

पुठ्ठा होडीसारखा वाकतो, कारण ओला डिंक एकाच बाजूला लागतो आणि वाळताना ती बाजू आकसते. पुस्तक बांधणारे पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना कागद लावतात, त्याच रीतीने मागच्या बाजूलाही तसलेच कापड चिकटवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. लग्नपत्रिकेचा जाड कागद लहान कुड्यांना पुरतो. हार आणि मुकुटाला बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा. चिकटपट्टी संपल्यावर उरणारे कागदी कडे तोड्यांसाठी आणि बाजूबंदासाठी फार चांगले, कारण ते वाकत नाही.

वाकण्याचाच मुद्दा आला म्हणून सांगते. घरात शाबूत असलेला आणि अंगावर घातल्यावर पट्टाच्या पट्टा सुटणारा दागिना याच दोषाचा असतो. वाळलेला डिंक आणि साखर कडक असते. तिच्याखालचा पुठ्ठा वाकला की ती वाकू शकत नाही, म्हणून सुटते. माझ्या भाचीच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही कंबरपट्टा एकसंध केला होता. काळ्या चंद्रकळेवर तो फार शोभून दिसत होता, पण ती ओवाळून घेण्यासाठी बसली तेव्हा पोटाशी पडलेल्या घडीत तीन बोटे रुंदीचा हलवा एकदम मांडीवर आला. तेव्हापासून मी कंबरपट्टा सात-आठ कडक तुकड्यांत करते, प्रत्येक तुकडा मागून फितीवर शिवते आणि दोन तुकड्यांत करंगळीएवढी फट ठेवते. फीत वाकते, तुकडा वाकत नाही. बाळाच्या मुकुटालाही हेच लागू आहे. पुढचा भाग ताठ ठेवावा आणि मागे फक्त मऊ फीत द्यावी.

बांगड्यांसाठी जुन्या काचेच्या बांगड्या घेऊ नयेत. त्या फुटल्या तर मनगटाला लागतात. लाखेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बांगडीवर सुती पट्टी घट्ट गुंडाळून त्यावर काम करावे.

दोऱ्यात गुंफलेले हार

जुनी रीत डिंकाची नाही, गाठींची आहे. दोऱ्याचा फास करून त्यात दाणा धरायचा, काट्यांच्या खाचेत दोरा बसला की फास ओढायचा आणि लगेच दुसरी गाठ मारायची. यात पाणी येत नाही, दाणे खाता येतात, आणि हार अंगावर वाकतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी हार, मंगळसूत्र आणि गजरा असाच करावा, असे मला मनापासून वाटते.

गुंफलेल्या हारातून दाणे निसटत असतील, तर हार एका टोकाने उचलून पांढऱ्या कागदावर हळूच हलवावा आणि रिकामा झालेला फास पाहावा. फास मोठा आणि सैल असेल, तर गाठ उशिरा मारली गेली. दोरा गुळगुळीत नायलॉनचा असेल, तर गाठ बसली तरी सरकते. त्याऐवजी गोधडीला वापरतात तसला सुती दोरा घ्यावा. फास घट्ट आहे, तरी दाणा सुटला आणि दाण्यावर दोऱ्याची खोल चीर पडली आहे, असे दिसले, तर ओलीने साखर झिजली आहे आणि पुन्हा पहिल्या दोन तपासण्यांकडे जावे लागते. मधे घातलेल्या मण्यांच्या भोकांना धार असेल, तर दोरा तेथेच तुटतो आणि त्याचे टोक पिंजलेले दिसते. दाण्याला सुईने भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नये. आतला साबुदाणा दगडासारखा कडक असतो, सुई घसरते आणि पापडी तडकते.

रंग उतरत असेल, तर रंग पाकात मिसळलेला नसून नंतर वरून लावलेला असतो. असे दाणे काढून टाकण्याखेरीज उपाय नाही.

सर्वांत कष्टाचा उपाय: हलवा नव्याने करणे

हलवाच सदोष निघाला आणि हातात किमान आठवडा असेल, तरच हे करावे. साबुदाणा किंवा तीळ निवडून कोरडे भाजून घ्यावेत. साखर बुडेल एवढ्या पाण्यात उकळावी, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढावी आणि एकतारी पाक गाळून ठेवावा. लिंबू घालू नये. जाड परात मंद आचेवर ठेवावी. गॅस असेल तर परातीखाली लोखंडी तवा ठेवला की आच एकसारखी लागते. परातीत दाणे पसरून चमचाभरच पाक सोडावा आणि बोटांच्या टोकांनी हलके फिरवत राहावे. तो पाक पूर्ण कोरडा झाल्याशिवाय दुसरा चमचा घालू नये. पाक जास्त पडला की दाण्यांचे गोळे होतात, आच जास्त झाली की रंग पिवळट येतो, आणि हात जोरात फिरला की आलेले काटे झडतात. एका दिवसात दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसू नये. रात्रभर दाणे थंड कोरड्या जागी राहिले की दुसऱ्या दिवशीचा थर चांगला धरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटे दिसू लागतात. ज्या दिवशी आभाळ भरलेले असेल किंवा अवकाळी पाऊस झाला असेल, त्या दिवशी परात चढवूच नये.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

कार्यक्रम दोन दिवसांवर आला असेल आणि दागिन्यातले चौथा हिस्सा दाणे गळले असतील किंवा चिकट झाले असतील, तर घरची दुरुस्ती सोडावी. ओला झालेला दागिना दोन दिवसांत वाळत नाही, आणि वाळवण्यासाठी ओव्हनमध्ये किंवा हेअर ड्रायरखाली ठेवला तर साखर पिवळी पडते आणि पुठ्ठा सुटतो. अशा वेळी हलव्याचे दागिने करणाऱ्या कारागीर बाईंकडे जावे. पुण्यात तुळशीबाग आणि मुंबईत दादरच्या बाजारात जानेवारीत तयार संच मिळतात, आणि लहान गावांतही संक्रांतीच्या आधी ऑर्डर घेणाऱ्या बायका असतात. संच घेताना दाणा मुठीत धरून पाहण्याची परीक्षा तेथेही करावी, आणि चिकटवलेला आहे की गुंफलेला हे विचारून घ्यावे. घरचे दोन-तीन चांगले राहिलेले दागिने त्या संचात मिसळता येतात. नथ आणि कुड्या सहसा वाचतात.

आजीच्या किंवा पणजीच्या काळचा जपलेला एखादा हलव्याचा दागिना असेल, तर त्याला घरी डिंक मुळीच लावू नये. तो हवाबंद डबीत ठेवावा आणि जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवावा.

चिकटवलेला हलवा कोणालाही खायला देऊ नये, मग तो कितीही स्वच्छ दिसो. त्यावर डिंक आहे, जरीचे बारीक तुकडे आहेत आणि कधी कधी तुटलेली टाचणीही असते. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतायचा हलवा, बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे वेगळ्या ताटात असावेत, आणि दागिन्यातून पडलेले दाणे त्यात मिसळू नयेत. जमलेली मुले खाली पडलेले सगळे एकत्रच वेचतात. त्यामुळे गळका दागिना बाळाच्या अंगावर घालूच नये, आणि टाचणी किंवा उघडी तार कुठेही ठेवू नये. सर्व टोके शिवून बंद करावीत.

लहान मुलाच्या घशात कडक गोल दाणा अडकू शकतो. मूल खोकत असेल आणि त्याला श्वास येत असेल, तर त्याला खोकू द्यावे, घशात बोट घालू नये. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबावे, आणि दाणा निघेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. दाणा नाकात किंवा कानात गेला असेल, तर चिमटा, काडी किंवा पाणी यांपैकी काहीही वापरू नये. साखर आत विरघळते, पण साबुदाणा आणि तीळ ओलीने फुगतात व आणखी घट्ट बसतात. त्याच दिवशी, कार्यक्रम अर्धा टाकून, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.